तारकेचे दोन अर्थ

(नभोवाणीवरील भाषण)

पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभीं एका जुन्या वैदिक कथेचा उल्लेख आहे. इंद्राचा सूड घ्यावा म्हणून त्वष्ट्यानें यज्ञ मांडला आणि ‘इंद्रशत्रु’ वाढावा अशी प्रार्थना केली. त्याच्या मनांत ‘इंद्राला मारणारा’ हा अर्थ होता. परंतु उच्चारांत स्वर चुकला आणि त्याच शब्दाचा अर्थ ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’ असा झाला. यज्ञांतून वृत्र निर्माण झाला खरा, पण तो इंद्राच्याच हातून मेला. अक्षरें तींच होतीं, त्यांचा क्रमही तोच होता. समास तत्पुरुष समजावयाचा कीं बहुव्रीहि, एवढाच काय तो प्रश्न होता. व्याकरणाचें अध्ययन कशासाठीं करावें, हें सांगतांना भाष्यकारांनीं ही कथा पुढें केली आहे.

संगणकासाठीं मनुष्यानें ज्या भाषा रचल्या, त्यांत असा प्रसंग येत नसावा, अशी सामान्य समजूत असते. यंत्राला दिलेल्या आज्ञेचा अर्थ एकच असला पाहिजे, आणि शेवटीं तो एकच असतोही. परंतु तो अर्थ ठरविण्यासाठीं जें जाणावें लागतें, तें त्याच ओळींत लिहिलेलें असेल असा नेम नसतो. ज्याला ती ओळ केवळ नीटनेटकी मांडावयाची आहे, अशा एका सेवकापुढें तर इंद्रशत्रूचा पेंच रोज उभा राहतो. तो सेवक म्हणजे सोर्स कोडाची मांडणी करणारें साधन. प्रोग्रॅमर लोक त्याला फॉरमॅटर म्हणतात.

प्रोग्रॅमर जो मूळ मजकूर लिहितो, तो सोर्स कोड होय. सी किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषांत दोन शब्दांमध्यें किती जागा सोडली, ओळ कोठें मोडली, डावीकडून ती किती आंत घेतली, याची यंत्राला बहुधा पर्वा नसते. पर्वा असते ती वाचणाऱ्या माणसाला. एखादा मोठा प्रोग्रॅम वर्षानुवर्षें चालतो. त्यावर अनेकांचे हात फिरतात. मूळ लिहिणारा निघून जातो, आणि त्याच्या जागीं आलेल्या नवख्याला त्या मजकुरावरून त्याचें मन ओळखावें लागतें. प्रत्येकाची मांडणीची तऱ्हा निराळी असली कीं हें वाचन कष्टाचें होतें, आणि कोणाची तऱ्हा बरी यावरून वाद माजतात ते वेगळेच. म्हणून हें काम यंत्रावरच सोंपवावें ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत १९७६ च्या सुमारास सी भाषेसाठीं ‘इंडेंट’ नांवाचा असा एक प्रोग्रॅम तयार झाला, व पुढें युनिक्सच्या बर्कली आवृत्तीबरोबर तो दूरवर पोंचला. २०१३ मध्यें सी प्लस प्लससाठीं ‘क्लँग-फॉरमॅट’ आला. आणि आज क्वचितच एखादी प्रचलित भाषा अशी असेल, कीं जिच्या दाराशीं असा एखादा सेवक उभा नाहीं.

छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याशीं फॉरमॅटरची तुलना करतां येईल. जुळाऱ्यानें लेखकाचें एक अक्षरही बदलावयाचें नसतें. शब्दांमधील जागा आणि ओळीची मोड एवढेंच त्याच्या हातीं असतें. तथापि ओळीच्या टोंकाला शब्द कोठें तोडावा, हें ठरविण्यापुरता तरी त्याला अर्थ कळावा लागतो. फॉरमॅटरचेंही तसेंच आहे. त्याची सारी अडचण या थोडक्या अर्थज्ञानांत सांठविलेली आहे.

उदाहरण अगदीं लहान घ्यावें. सी भाषेंतील एका ओळींत चारच चिन्हें आहेत अशी कल्पना करावी: प्रथम क, मग तारका, मग ख, आणि शेवटीं अर्धविराम. कागदावर ती ओळ ‘क * ख;’ अशी दिसेल. या ओळीचा अर्थ काय? क आणि ख हीं दोन्ही संख्यांचीं नांवें असतील, तर तारका हें गुणाकाराचें चिन्ह ठरतें आणि ओळीचा अर्थ ‘क ला ख नें गुणा’ असा होतो. परंतु क हें एखाद्या जातीचें, म्हणजे प्रोग्रॅमरच्या शब्दांत टाइपाचें, नांव असेल, तर तीच ओळ एक घोषणा ठरते: ‘ख हा पॉइंटर आहे, क जातीची वस्तु स्मृतींत कोठें ठेवली आहे, तें स्थान तो दाखवितो.’ पहिल्या अर्थीं तारका दोन पदांना जोडते. दुसऱ्या अर्थीं ती एकट्या ख ची असते. पहिल्या अर्थीं तिच्या दोहों बाजूंस सारखी जागा सोडावी, आणि दुसऱ्या अर्थीं ती ख च्या किंवा क च्या अंगाला लावावी, अशी बहुतेकांची रीत आहे. फॉरमॅटरनें यांतील काय करावें?

हा पेंच कोणी मुद्दाम निर्माण केलेला नाहीं. बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं सी भाषा घडविली, तेव्हां वस्तु वापरतांना जशी लिहावयाची त्याच रूपांत ती घोषित करावी, असें धोरण त्यांनीं ठेविलें. म्हणून पॉइंटराची घोषणाही तारकेनेंच होऊं लागली. टाइपांचीं नांवें मोजकीं आणि भाषेनें राखून ठेवलेलीं होतीं तोंपर्यंत अडचण नव्हती. तें नांव दिसलें कीं घोषणा ओळखूं येई. पुढें ‘टाइपडेफ’ या सोयीनें प्रोग्रॅमरला स्वतःच्या मनाप्रमाणें टाइपांचीं नांवें ठेवतां येऊं लागलीं. सोय मोठी झाली. पण तेव्हांपासून केवळ रूपावरून टाइपाचें नांव कोणतें आणि संख्येचें कोणतें, हें ओळखण्याचा उपाय राहिला नाहीं.

सोर्स कोडाचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा कंपायलर हा प्रश्न स्मरणाच्या बळावर सोडवितो. वरपासून वाचत येतांना प्रत्येक नांव टाइपाचें कीं वस्तूचें, याची नोंद तो ठेवीत असतो. आणि ज्या दुसऱ्या फाइलींत त्या नांवाचा जन्म झाला असेल, ती फाइलही तो आधीं वाचतो. फॉरमॅटरपुढें मात्र बहुधा एकच फाइल असते. कधीं तर प्रोग्रॅमरनें निवडलेल्या चार ओळीच असतात. क चें कुळ त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

तारका या बाबतींत एकटी नाहीं. कंसांत क, त्यापुढें वजाचें चिन्ह आणि मग ख, असें लिहिलें तर ती वजाबाकी असूं शकेल, किंवा उणे ख ला क या टाइपांत बदलण्याची आज्ञाही असूं शकेल. सी प्लस प्लस भाषेंत लहानमोठेपणा दाखविणारीं चिन्हें कंसासारखींही वापरतात. त्यामुळें ‘क < ख > ग;’ ही ओळ तीन संख्यांची तुलना असेल, किंवा ख साठीं बेतलेल्या क या टाइपाची ग नांवाची नवी वस्तु असेल. जावास्क्रिप्ट भाषेंत एक तिरपी रेघ कधीं भागाकार दाखविते, तर कधीं मजकुरांतून शोधावयाच्या नमुन्याचा आरंभ करते.

कोणी म्हणेल, एका रिकाम्या जागेसाठीं एवढी चिंता कशाला? यंत्राला ती जागा दिसत नाहीं, मग अर्थ बिघडेल कसा? या आक्षेपाला दोन उत्तरें आहेत.

पहिलें उत्तर असें, कीं यंत्राला जागा कधींच दिसत नाहीं हें खरें नव्हे. क ला, ख नें दाखविलेल्या जागीं असलेल्या संख्येनें, भागावयाचें आहे असें समजा. तेथें तिरपी रेघ आणि तारका एकापुढें एक येतात. फॉरमॅटरनें त्यांच्यामधली जागा काढली, तर सी भाषेंत त्या जोडीचा अर्थ ‘येथून टीप सुरू झाली’ असा होतो, आणि पुढची टीप संपल्याची खूण येईपर्यंतचा सारा मजकूर कंपायलर सोडून देतो! १९९८ च्या प्रमाणित सी प्लस प्लसमध्यें एकांत एक असे दोन कोनदार कंस एकदम मिटवितांना मध्यें जागा सोडावीच लागे. नाहीं तर त्या जोडीला निराळाच अर्थ येई. हा जाच २०११ च्या प्रमाणांत दूर झाला. आरंभींच्या सी भाषेंत तर ‘इतकें वजा करून ठेवा’ ही आज्ञा आधीं बरोबरीचें व मग वजाचें चिन्ह काढून लिहीत. त्यामुळें ‘क=-१’ याचा अर्थ क मधून एक वजा करा असा, कीं क ची किंमत उणे एक करा असा, हें मधल्या जागेवर अवलंबून राही. १९७६ मध्यें चिन्हांचा क्रम उलटा करून हा दोष काढून टाकण्यांत आला.

दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे, आणि तें वाचणाऱ्या माणसाविषयींचें आहे. फेब्रुवारी २०१४ मध्यें ॲपल कंपनीला आपल्या फोनांच्या व संगणकांच्या प्रणालींतील एक गंभीर चूक तातडीनें दुरुस्त करावी लागली. इंटरनेटवरील सुरक्षित संभाषणांत पलीकडचा पक्ष खरा आहे कीं तोतया, हें त्याची सही तपासून ठरविणाऱ्या कोडांत ती चूक होती. ‘तपासणी फसली तर थेट शेवटाकडे जा’ या अर्थाच्या आज्ञेंतील ‘शेवटाकडे जा’ ही ओळ चुकून दोनदां लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीच्या ताब्यांत होती. दुसरी अटीबाहेर होती, आणि म्हणून ती प्रत्येक वेळीं अमलांत येई. सहीची शेवटची तपासणी होण्यापूर्वींच काम संपे, आणि तेंही यशस्वी म्हणून संपे. पण दोन्ही ओळी डावीकडून सारख्याच आंत घेतलेल्या होत्या. मांडणी म्हणत होती, ‘दोघीही अटीच्या आहेत’. व्याकरण म्हणत होतें, ‘एकच आहे.’ माणसाचा डोळा मांडणीवर विश्वासला. त्या फाइलीवरून एखादा चांगला फॉरमॅटर फिरला असता, तर दुसरी ओळ आपल्या खऱ्या जागीं, डावीकडे, सरकली असती आणि तिचें सोंग उघडें पडलें असतें. २०१६ मध्यें जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तींत अशा फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोय आली, ती याच जातीच्या चुकांसाठीं.

मांडणी हें एक विधान आहे, हा या प्रसंगाचा धडा होय. ‘या ओळीचा अर्थ असा आहे’ असें मांडणी वाचकाला न बोलतां सांगत असते. फॉरमॅटर अर्थ बरोबर ओळखून मांडणी करील, तर तो वाचकाचा साक्षीदार होतो. चुकीच्या तर्कावर तो गुणाकाराला पॉइंटराचा वेष देईल, तर तो खोटी साक्ष देतो. आणि यंत्राची साक्ष म्हणून ती अधिक विश्वासानें ऐकली जाते. म्हणूनच या साधनांची अर्थ ओळखण्याची शक्ति वाढविण्यासाठीं इतके श्रम घेतले जातात.

त्यासाठीं चार मार्ग दिसतात. पहिला मार्ग लिहिणाऱ्यालाच विचारण्याचा. ‘इंडेंट’ला टाइपांच्या नांवांची यादी आज्ञेबरोबर देतां येते, त्या यादींतील नांव दिसलें, कीं पुढची तारका पॉइंटराची हें तो जाणतो. क्लँग-फॉरमॅटच्या २०२३ मधील सतराव्या आवृत्तींतही अशीच यादी देण्याची सोय नव्यानें आली. इतक्या वर्षांच्या प्रगतीनंतरही शेवटीं माणसालाच विचारावें लागावें, यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. अडचण एवढीच, कीं यादी ठेवण्याचा कंटाळा माणसाला फार लवकर येतो.

दुसरा मार्ग संदर्भावरून तर्क करण्याचा, आणि बहुतेक काम याच मार्गानें चालतें. क्लँग-फॉरमॅट प्रथम मजकुराचे सुटे शब्द व चिन्हें पाडतो, मग प्रत्येक चिन्हाची भूमिका ठरवितो, आणि त्यानंतरच जागा व ओळी यांचा विचार करतो. भूमिका ठरवितांना शेजारपाजार पाहावा लागतो. बरोबरीच्या चिन्हानंतर ‘क * ख’ आलें, तर तो गुणाकार समजावा. कारण तेथें किंमत हवी असते, घोषणेला वाव नसतो. ओळ क नें सुरू होऊन ख नंतर लगेच अर्धविराम आला, तर ती घोषणा समजावी. कारण गुणाकार करून उत्तर टाकून देणारा मनुष्य विरळा. ‘क * ख = ग;’ असें दिसलें तर शंकाच नको; गुणाकारांत किंमत सांठविण्याची सोय सी भाषेंत नाहीं. फाइलींत इतरत्र कोठें ‘क घ;’ अशीं दोन नांवें लागोपाठ आढळलीं, तर क हें टाइपाचें नांव असल्याची ती दूरची पण बळकट साक्ष होय.

परंतु तर्काला मर्यादा आहे. सी प्लस प्लसमध्यें ‘चौकोन च(लांबी * रुंदी);’ अशी ओळ घ्यावी. लांबी आणि रुंदी या संख्या असतील, तर त्यांच्या गुणाकारापासून च नांवाचा चौकोन तयार होतो. लांबी हें टाइपाचें नांव असेल, तर च हें एका फंक्शनाचें नांव ठरतें. तें रुंदी नांवाचा पॉइंटर घेतें आणि चौकोन परत देतें. माणूस येथें अडखळत नाहीं, कारण लांबीरुंदी म्हणजे काय हें तो व्यवहारांतून जाणतो. त्या शब्दांच्या जागीं क व ख ठेवले, तर माणूसही फॉरमॅटरइतकाच आंधळा होतो.

तिसरा मार्ग पूर्ण ज्ञानाचा. फॉरमॅटरनें कंपायलराप्रमाणें सर्व फाइली वाचाव्या म्हणजे शंका उरणार नाहीं, असें सहज सुचतें. क्लँग-फॉरमॅट तर क्लँग नांवाच्या पूर्ण कंपायलराच्याच घरांत जन्मला. तरीही त्यानें हा मार्ग जाणूनबुजून सोडला आहे. फॉरमॅटरला अर्धवट लिहिलेला, चुकलेला, कंपायलर नाकारील असा कोडही मांडावा लागतो, कारण प्रोग्रॅमर तो लिहीत असतांनाच त्याची मदत मागतो. शिवाय सी भाषेंत ‘अमुक यंत्र असेल तर हा भाग घ्या, नाहीं तर तो’ असे पर्याय एकाच फाइलींत असतात. कंपायलर त्यांतील एक घेऊन दुसरा टाकून देतो. फॉरमॅटरला दोन्ही नीट मांडावे लागतात. आणि हें सारें बोटांखालील कळ सुटण्याच्या आंत व्हावें अशी अपेक्षा असते.

चौथा मार्ग भाषाच अशी रचण्याचा, कीं शंका उद्भवूंच नये. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गो भाषेच्या कर्त्यांनीं हा मार्ग धरला. नांवांची नोंद जवळ न ठेवतांही मजकुराची रचना ओळखतां यावी, हें त्यांनीं आरंभींच ठरविलें होतें. आणि ‘गोफम्ट’ हा तिचा फॉरमॅटर भाषेबरोबरच आला. पुढें मार्च २०२२ मध्यें त्या भाषेंत टाइपांना टाइप पुरविण्याची सोय आली, तेव्हां सी प्लस प्लस व जावा यांत रुळलेले कोनदार कंस सोडून चौकटी कंस स्वीकारण्यांत आले. कोनदार कंसांनीं तुलना कीं टाइप हा जुना घोळ घरांत आला असता, हें त्याचें एक मुख्य कारण होतें. पण हा मार्ग नव्यांसाठीं आहे. सी आणि सी प्लस प्लस यांत जो अफाट कोड लिहून ठेवला आहे, तो आतां नव्या व्याकरणांत कोण उतरविणार?

म्हणून सुधारणेचें खरें काम दुसऱ्या मार्गावरच, तर्क अधिक डोळस करण्याचें, चालू राहतें. तें मोठ्या धीराचें आहे. एका ओळीवरून नवा नियम केला, कीं तो दुसऱ्या दहा ओळी बिघडवितो. त्यासाठीं शहाणे कारागीर कांहीं पथ्यें पाळतात. पूर्वीं चुकलेली प्रत्येक ओळ परीक्षेंत कायमची ठेवावी, म्हणजे तीच चूक पुन्हां पाय ठेवणार नाहीं. एकदां मांडलेला मजकूर पुन्हां मांडावयास दिला, तर त्यांत कांहींही बदलतां कामा नये. बदललें तर पहिलाच निर्णय डळमळीत होता. मांडणीच्या आधीं आणि नंतर अर्थाची रचना तीच राहिली कीं नाहीं, हें ताडून पाहावें. २०१८ मध्यें निघालेला पायथनचा ‘ब्लॅक’ हा फॉरमॅटर अशी पडताळणी स्वतःच करतो, आणि रचनांत फरक दिसल्यास फाइलीला हात लावीत नाहीं.

या पथ्यांना आणखी एकाची जोड द्यावी लागेल. सर्व साक्षी तपासूनही तारकेचा अर्थ ठरत नसेल, तर लिहिणाऱ्यानें ती जेथें ठेविली तेथेंच राहूं द्यावी. सर्व ओळी एकसारख्या दिसाव्या हा फॉरमॅटरचा स्वभाव. त्यामुळें हा संयम त्याला जड जातो. पण लिहिणाऱ्यानें तारका ख ला चिकटवून लिहिली असेल, तर ती चिकटविण्यांत त्याचा हेतु असण्याचा संभव आहे, आणि तो हेतु हीच त्या घटकेला उपलब्ध असलेली सर्वांत चांगली साक्ष असते. ती पुसून टाकणारा सेवक घर झाडतांना मालकाची चिठ्ठी केरांत टाकतो.

त्वष्ट्याच्या यज्ञांत शब्द दुसऱ्या कोणी बदलला नव्हता. बोलणाराच स्वर चुकला, आणि फळही त्यालाच भोगावें लागलें. फॉरमॅटरची जबाबदारी याहून अवघड आहे. तो दुसऱ्याचा शब्द तिसऱ्यापर्यंत पोंचवितो. लिहिणारा एक, वाचणारा दुसरा, आणि मध्यें हा मुका दुभाषी. स्वर त्याच्या हातीं आहे. अर्थ मात्र त्याचा नाहीं. ज्या दिवशीं तो अर्थ त्याला निश्चित कळेल, त्या दिवशीं त्यानें स्वर खुशाल लावावा. तोंपर्यंत दिलेला शब्द जसाच्या तसा पोंचविणें, हेंच त्याचें पहिलें कर्तव्य होय.